चकती की बटणं? नव्या पायलटने कुठला फ्लाइट कॉम्प्युटर घ्यावा

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि नाव न देता:

पायलट ट्रेनिंग नुकतंच सुरू झालंय, ग्राउंड स्कूल चालू आहे, सध्या नॅव्हिगेशनची तयारी करतेय. इन्स्ट्रक्टर सरांनी सगळ्यांना हाताने फिरवायचा ई६बी, म्हणजे वारा-वेळ-इंधनाची गणितं सोडवायची चकती, घ्यायला सांगितलाय. बॅचमधल्या एकाकडे इलेक्ट्रॉनिक आहे, मी पेन्सिल शोधेपर्यंत त्याचं वाऱ्याचं गणित सुटलेलं असतं. मला चकतीवरचे बारीक आकडे वाचताना घाम फुटतो, उत्तर दरवेळी एक-दोन अंशांनी इकडेतिकडे येतं आणि गणित तर शाळेपासूनच कच्चं. पुढे विमानात सगळं कॉम्प्युटरच करणार ना, मग ही आजोबांच्या काळातली वस्तू शिकण्यात वेळ का घालवायचा? सरळ इलेक्ट्रॉनिक घेऊ, की दोन्ही? आणि खरं सांगायचं तर भीती वाटते, की जिला साधी चकती जमत नाही तिला विमान काय जमणार.

उत्तर:

पत्र खरेदीचं दिसतंय, पण अर्धं पत्र तुझ्या स्वतःवरच्या शंकेचं आहे. तिकडे येतेच मी. आधी खरेदीतला एक भाग उरकून टाकू, कारण तो तुझ्या-माझ्या आवडीवर नाहीच.

तू ज्या परीक्षेला बसणार आहेस तिथे काय आत नेऊ देतात ते नियमात वाच. सिनियर काय म्हणाला, बॅचमेट काय म्हणाला, ते नको, लेखी नियम बघ. कारण हे देशागणिक बदलतं. अमेरिकेत एफएएच्या (तिथल्या विमान वाहतूक नियामकाच्या) लेखी परीक्षेला इलेक्ट्रॉनिक फ्लाइट कॉम्प्युटर चालतो, फक्त मेमरी पुसलेली लागते आणि त्याचं माहितीपुस्तक आत नेता येत नाही. युरोपात ईएएसएच्या (तिथल्या विमान सुरक्षा संस्थेच्या) नियमांनी होणाऱ्या परीक्षांचं बरोब्बर उलटं आहे, तिथे हाताची चकती चालते, साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर चालतो, पण त्यात प्रोग्रॅम करायची सोय नको आणि विमानाच्या कामाची खास फंक्शन्स नकोत. म्हणजे तुझ्या बॅचमेटचं यंत्र तिथे दाराबाहेरच राहिलं. तुझी परीक्षा या दुसऱ्या प्रकारची असेल तर चर्चा इथेच संपली, चकती घे आणि हाताला सवय लाव, बाकीचं नंतर. पहिल्या प्रकारची असेल किंवा दोन्ही चालत असेल तर पुढे वाच.

आता ते आजोबांच्या काळातलं. वस्तू जुनी आहे हे खरंच आहे, अमेरिकन नौदलाच्या फिलिप डाल्टनने १९३० च्या दशकात ती घडवली आणि दुसऱ्या महायुद्धात ई-६बी या नावाने ती हजारो वैमानिकांच्या हातात गेली. पण ती जुनी म्हणून सर सांगतायत हे तू गृहीत धरलंयस, आणि तिथेच माझं तुझ्याशी जमत नाही. सरांच्या मनात काय आहे मला माहीत नाही, पण मी कुणाला शिकवायला बसले की पहिल्यांदा चकतीच पुढे करते आणि त्याचं कारण असं, की ती वाऱ्याचं चित्र दाखवते. बटणांचं यंत्र फक्त आकडा दाखवतं.

म्हणजे काय ते एका उदाहरणावर करूनच बघ, चकती समोर असेल तर हातात घे. ट्रॅक (जमिनीवरची वाट) ०९० अंश, ट्रू एअरस्पीड (हवेतला खरा वेग) १०० नॉट, म्हणजे ताशी १०० नॉटिकल मैल, वारा ०३० वरून २० नॉट. वाऱ्याच्या बाजूची पारदर्शक तबकडी फिरवून ०३० वर आण, मधल्या भोकापासून सरळ वर २० नॉटच्या अंतरावर पेन्सिलने ठिपका काढ. आता तबकडी फिरवून ०९० वर आण. ठिपका कुठे गेला? वर डावीकडे. थांब इथे जरा, स्लाइड (तबकडीखालची सरकती पट्टी) अजून सरकवू नकोस. हा ठिपका तुला काहीही न मोजता सांगतोय की वारा डावीकडून, थोडा समोरून येतोय, म्हणजे नाक डावीकडे ठेवावं लागणार आणि ग्राउंडस्पीड (जमिनीच्या हिशोबाने वेग) १०० च्या खाली येणार. आता स्लाइड सरकवून ठिपका १०० च्या कमानीवर आण. ठिपका मधल्या रेषेच्या डावीकडे १० अंशांवर दिसेल आणि भोकाखाली ८८-८९ दिसेल. हेडिंग (नाकाची दिशा) ०८०, ग्राउंडस्पीड ८८ च्या आसपास. झालं.

हेच बटणांवर कर, पण घाईत ०३० च्या ऐवजी ३०० दाब. बोटाची इतकी चूक रोज कुणाची ना कुणाची होते. यंत्र कुरकुर न करता सांगेल की हेडिंग ०८४, ग्राउंडस्पीड ११७. दोन्ही आकडे दिसायला एकदम शहाणे. ५९ नॉटिकल मैलांचा टप्पा असेल तर तुझ्या कागदावर ३० मिनिटं लागतील, हवेत मात्र ४० लागतील. ताशी ३० लिटर पिणाऱ्या विमानाला १५ लिटर धरले जातील आणि लागतील २०. एका टप्प्याला पाच लिटर, असे चार टप्पे धर म्हणजे काय ते कळेल. चकतीवर हीच चूक केलीस तर ठिपका भोकाच्या खाली जाऊन बसला असता, आणि समोरून येणारा वारा मागून कसा काय यायला लागला हा प्रश्न स्लाइडला हात लावायच्या आधीच पडला असता.

पण म्हणून चकती म्हणजे सुरक्षित आणि बटणं म्हणजे धोका, असं मी अजिबात म्हणत नाहीये, काही जुने लोक म्हणतात तसं. चकतीच्या स्वतःच्या खोड्या आहेत. मागच्या गणिताचा ठिपका पुसायचा राहिला आणि तोच घेऊन पुढचं गणित सोडवलं, हे तर सगळ्यात जास्त होतं. दुसरं म्हणजे वाऱ्याचा ठिपका वर काढायची एक पद्धत आहे आणि खाली काढायची दुसरी. वरच्या पद्धतीत ठिपका एअरस्पीडवर आणि ग्राउंडस्पीड भोकाखाली. खालच्या पद्धतीत भोक एअरस्पीडवर आणि ग्राउंडस्पीड ठिपक्यापाशी, शिवाय त्यात हेडिंग आधी माहीत नसतं म्हणून तबकडी थोडी थोडी फिरवून ड्रिफ्ट (वाऱ्याने विमान किती अंश बाजूला सरकतं ते) जुळवत बसावं लागतं. दोन्ही बरोबर आहेत. पण वर्गात एक शिकायची आणि रात्री व्हिडिओत दुसरी बघायची, की अर्धी ही अर्धी ती होते, आणि वरच्या उदाहरणात ८८ च्या जागी ११० च्या वर काहीतरी येतं. तुझी उत्तरं चुकतायत ती दोन अंशांनी की भलतीच, ते एकदा नीट बघ, भलतीच असतील तर बहुतेक इथेच घोडं पेंड खातंय.

आणि माणसाने हाताने केलेलं गणित म्हणजे समजून केलेलं असाही काही नियम नाही. १९८३ च्या जुलैत एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ चं इंधन हवेतच संपलं, इंजिनं बंद पडली आणि कॅनडातल्या गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर ते विमान ग्लायडरसारखं उतरवावं लागलं, सगळे वाचले. विमानाचे फ्युएल गेज चालत नव्हते म्हणून इंधनाचा हिशोब हाताने केला होता. हवे होते २२,३०० किलो, पण लिटरचं वजनात रूपांतर करताना ०.८ च्या जागी १.७७ घेतलं गेलं, जो पौंडांचा आकडा आहे. म्हणजे किलो समजून पौंड भरले, निम्म्याहूनही कमी. हिशोब पुन्हा तपासलाही होता, पण त्याच चुकीच्या आकड्याने. तिथे चकती असती काय किंवा महागातलं यंत्र असतं काय, आत १.७७ घातल्यावर दोघांनी तेच उत्तर दिलं असतं.

म्हणून तुझ्या प्रश्नापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की दोन्हीपैकी कशालाही हात लावायच्या आधी तुझ्याकडे स्वतःचा एक अंदाज हवा. ग्रॉस एरर चेक म्हणतात त्याला, आणि मोठ्या विमानांच्या कॉकपिटमध्येही हेच करतात, कॉम्प्युटर आकडा देतो आणि समोर बसलेल्या दोघांना तो आकडा पटतोय का ते बघायचं असतं. तू म्हणतेस पुढे सगळं कॉम्प्युटर करणार. करणारच. पण आकडा खटकायला हवा ना, आणि तो आपोआप खटकत नाही, आत्ताच्या या कंटाळवाण्या सरावातूनच ती नजर येते.

अंदाज काढायला गणित लागतं ते इतकंच. वाऱ्याचा वेग गुणिले ६० भागिले एअरस्पीड, हा झाला जास्तीत जास्त ड्रिफ्ट. आपल्या उदाहरणात २० गुणिले ६० भागिले १००, म्हणजे १२ अंश. मग वारा ट्रॅकपासून किती अंशांनी येतोय ते बघायचं आणि ते घड्याळाच्या मिनिटांसारखं वाचायचं. १५ अंश असेल तर पाव, ३० ला अर्धा, ४५ ला पाऊण, ६० किंवा जास्त असेल तर पूर्ण धरायचा. आपला ६० अंशांनी आहे, म्हणजे १२ च्या आसपास. चकतीने १० सांगितलं, ठीक आहे, पटलं. २ सांगितलं असतं किंवा उजवीकडे १० सांगितलं असतं तर पुन्हा करायचं. प्रत्येक गणिताआधी कागदाच्या कडेला लिहायची सवय लाव: नाक कुठल्या बाजूला, वेग वाढणार की घटणार, साधारण किती. एवढं केलंस की यंत्र कुठलं हा प्रश्न निम्मा बोथट होतो.

आता ते एक-दोन अंश. याचा एवढा त्रास का करून घेतेस कळत नाही. मेटारमध्ये (विमानतळाच्या ताज्या हवामान अहवालात) वाऱ्याची दिशाच मुळात जवळच्या दहा अंशांत गोल करून दिलेली असते. पुढच्या दोन तासांचा वारा हा तर अंदाजच. तुझ्या समोरच्या मॅग्नेटिक कंपासवर पाच-पाच अंशांच्या खुणा, आणि सुरुवातीला तू हेडिंग धरशील तेच पाच अंश इकडेतिकडे. एवढं सगळं ढोबळ असताना बटणांच्या यंत्राने ०८०.०३ सांगितलं काय आणि चकतीने ०८१ सांगितलं काय. ६० मैलांवर एक अंश म्हणजे एक मैल, आणि त्याच्या कितीतरी आधी तू खाली गाव-नदी-रेल्वे बघून दुरुस्ती केलेली असतेस. परीक्षेत पर्याय जवळजवळ असतील तर मात्र नीट वाचावं लागतं, ते मान्य, त्यासाठी सराव.

गणित कच्चं असण्याबद्दल. चकतीच्या दुसऱ्या बाजूला, जिथे वेळ-अंतर-इंधन निघतं, तिथे गणित नाहीच, फक्त लावायचं आणि वाचायचं आहे. आतल्या वर्तुळावर ६० पाशी बाण असतो, तो बाहेरच्या ८८.५ समोर लाव, आतल्या ४० समोर बाहेर ५९ दिसेल, म्हणजे ४० मिनिटांत ५९ मैल. आणि याची खरी गंमत बटणवाल्यांना माहीतच नसते. एकदा बाण लावला की त्या टप्प्यावरची सगळी अंतरं आणि सगळ्या वेळा एकाच वेळी उघड्या असतात, काही दाबायचं नाही. दहा मिनिटांत कुठे असेन, पुढचा पूल किती मिनिटांवर, नुसतं बघायचं. बटणांच्या यंत्राला प्रत्येक वेळी नव्याने विचारावं लागतं. चकतीचा एकच तोटा, ती दशांश चिन्ह सांगत नाही, ५९ म्हणजे ५.९ की ५९ की ५९० ते तुला ठरवायचंय. पण तो तोटा तरी कसा म्हणू, तो अंदाज तुझ्याकडून सक्तीने करून घेतला जातो.

आता बटणांच्या बाजूने बोलते, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. वेट अँड बॅलन्सला (विमानाचं वजन आणि तोल काढायला) इलेक्ट्रॉनिक खरोखर सरस आहे, बेरजा-गुणाकारांची लांबलचक माळ असते, चकतीवर ते करायला जाऊच नये. दहा टप्प्यांचा फ्लाइट प्लॅन वारा बदलला म्हणून पुन्हा काढायचा असेल तर हाताने फार वेळ जातो. बारीक आकडे वाचायला ज्यांच्या डोळ्यांना खरंच त्रास होतो, किंवा आकडे उलटसुलट दिसतात, अशा विद्यार्थ्यांनी परीक्षेचा नियम परवानगी देत असेल तर बिनधास्त इलेक्ट्रॉनिक घ्यावं, त्यात काही कमीपणा नाही. (डोळ्यांचं म्हणशील तर आधी लहान चकतीच्या जागी मोठी घेऊन बघ, पुष्कळदा त्रास डोळ्यांचा नसून चकतीच्या आकाराचा असतो.) फक्त घेतलंस तर युनिट्स आधी बघ, नॉट की मैल, लिटर की गॅलन, सेल्सिअस की फॅरनहाइट. मागच्या माणसाने काय सेट करून ठेवलंय कोण जाणे. आणि वेळ कशी टाकायची ते बघ, दीड तास काही ठिकाणी १.५ असतो आणि काही ठिकाणी १:३०, यातली गल्लत थेट इंधनात उतरते.

एक गोष्ट दोन्ही यंत्रांत सारखी चुकते म्हणून सांगते. मेटार आणि हवामान अंदाजातला वारा ट्रू नॉर्थपासून (नकाशावरच्या खऱ्या उत्तरेपासून) मोजलेला असतो, टॉवर तुला रेडिओवर सांगतो तो मॅग्नेटिक, म्हणजे कंपासच्या उत्तरेपासून. चार्टवर कोनमापकाने मोजलेला ट्रॅक ट्रू. ट्रू ट्रॅकमध्ये मॅग्नेटिक वारा मिसळला की कुठलंही यंत्र तुला वाचवत नाही.

आणि विमानात? शिकाऊ असताना हवेत डोकं खाली घालून बटणं दाबत बसणं आणि डोकं खाली घालून ठिपके काढत बसणं, दोन्ही वाईट. वाऱ्याचं सगळं गणित जमिनीवर व्हायला हवं. हवेत परीक्षकाने अचानक डायव्हर्जन दिलं, म्हणजे ठरल्यापेक्षा दुसरीकडे वळायला सांगितलं, तर नकाशावर अंगठ्याने अंतर, वर सांगितलेला घड्याळाचा अंदाज, आणि फार तर चकतीच्या गोल बाजूवर एका हाताने वेळ. ते पुरतं.

तर माझं मत, तुझ्यासाठी आणि तुझ्या जागी असलेल्या सगळ्यांसाठी: आधी चकती. दोन्ही एकदम नको, कारण दोन्ही घेतल्या की हात सोप्याकडेच जातो आणि चकती बॅगेत पडून राहते. वाऱ्याचा त्रिकोण (हेडिंग, वारा आणि ट्रॅक यांचा) डोळे मिटून दिसायला लागला, की मग परीक्षेत चालत असेल आणि गरज वाटत असेल तर इलेक्ट्रॉनिक घे, तेव्हा ते फार पटकन जमेल कारण ते काय विचारतंय हे तुला कळत असेल. उलट क्रमाने गेलेल्यांना चकती शिकताना मी जास्त वैतागलेलं पाहिलंय. अपवाद एकच, परीक्षा अगदी तोंडावर आहे, इलेक्ट्रॉनिक चालतं आणि तुझा हात त्यावर बसलाय, तर आत्ता बदलाबदली करू नकोस, पेपर दे आणि मग चकतीकडे ये.

चकती घेताना दुकानातच फिरवून बघ. तबकडी घट्टही नको आणि स्वतःहून घसरेल इतकी सैलही नको. स्लाइड वर-खाली सरकवताना मधली रेषा भोकाच्या बरोबर मधून जातेय का बघ, तिरकी असेल तर प्रत्येक ड्रिफ्ट चुकणार, आणि कोण जाणे तुझे एक-दोन अंश तिथूनच येत असतील, आत्ताची कुणाची वापरतेयस तीही तपास. पुठ्ठ्याची स्वस्त पडते पण दमट हवेत फुगते. प्लास्टिकची चांगली, फक्त उन्हात विमानाच्या काचेखाली ठेवू नकोस, वाकते. धातूची टिकते, तापते मात्र. छंद म्हणून उडवायचं असेल तर लहान पुरेल, पण पुढे कमर्शियल आणि एअरलाइनच्या परीक्षा द्यायच्या असतील तर सीआरपी-५ सारखी मोठी घे, कारण ३०० नॉटच्या वरच्या वेगांना हवा दाबली जाण्याची जी दुरुस्ती लागते ती सोय सीआरपी-१ सारख्या लहान मॉडेलमध्ये नसते. मऊ पेन्सिल ठेव, मार्कर नको. आणि गणित संपलं की ठिपका पुसायचा, उत्तर लिहिल्याबरोबर, पुढचा प्रश्न वाचायच्याही आधी.

राहिली ती भीती. चकती हळू फिरते म्हणून विमान जमणार नाही, हे जोडलंस कुठून? विमान उडवणं हे हातापायांचं, नजरेचं आणि वेळेवर निर्णय घेण्याचं काम आहे, आणि त्यात वेगाने उत्तर देणाऱ्यापेक्षा उत्तरावर शंका घेणारा माणूस शेजारी असलेला मला जास्त आवडतो. तू तर दोन अंशांवरून शंका घेतेयस. बॅचमेटचं म्हणशील, तर पुढच्या वेळी त्याने उत्तर सांगितलं की त्याला विचार, वारा कुठल्या बाजूने आला रे? सांगू शकला तर त्याच्याकडून शिक, मनापासून. नाही सांगता आलं तर दोघं मिळून बसा, तू ठिपका काढ, त्याने बटणं दाबावीत, आणि दोन उत्तरं जुळली नाहीत की चूक कुणाची आणि कुठे ते शोधा. त्या शोधाशोधीत जेवढं नॅव्हिगेशन कळतं तेवढं माझ्या पत्रातून कळायचं नाही.